हँग अराउंड आणि स्टिक अराउंड एकच का?

पुणेरी_टेस्टर:
मंडळी, आमच्या टीमला नवीन मॅनेजर आलीये, लंडनहून कॉलवर असते. काल एका ज्युनियरबद्दल सगळ्यांसमोर म्हणाली, "शी डझन्ट हँग अबाउट, डझ शी!" मला वाटलं पोरगी लवकर घरी पळते म्हणून टोमणा मारला, पण बाकीचे तिला वेल डन वेल डन करत होते. मग मला म्हणाली "कॅन यू स्टिक अराउंड?" ते थांब म्हणून हे कळलं. पण हँग अराउंड, हँग अबाउट, स्टिक अराउंड सगळ्यांपुढे डिक्शनरीत "रेंगाळणे" लिहून मोकळे झालेत, फरक काय नक्की?

मास्तर_ऑनलाइन:
टोमणा कसला, कौतुक आहे ते! कामं फटाफट उरकणाऱ्याला ब्रिटिश लोक "डझन्ट हँग अबाउट" म्हणतात. एरवी हँग अराउंड म्हणजे उगाच घुटमळणं, नाहीतर कुणाची तरी वाट बघत ताटकळणं. आपण "दिवसभर नाक्यावर पडीक असतो" म्हणतो ना, अगदी ते. हँग अबाउट पण तेच, फक्त तिकडे ब्रिटनमधे जास्त चालतं. स्टिक अराउंडमधे पुढे काहीतरी व्हायचं असतं म्हणून जाऊ नको असा भाव असतो, बोलायचंय, केक कापायचाय, काहीही.

लीड्सवाली:
+१. आणि बोलता बोलता मधेच कुणी नुसतं "हँग अबाउट!" म्हणालं तर ते "ए थांब थांब, काहीतरी गडबड आहे" असं असतं, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच जागच्या जागी उभी राहिले होते 😄 भूतकाळात हंग म्हणायचं, "वी हंग अराउंड द स्टेशन फॉर टू अवर्स". हँग्ड नको, ते फाशीसाठी. आणि स्टेशनच्या आधी अॅट लावायलाच हवा असं नाही.

पुणेरी_टेस्टर:
भारी! मग हँग आउट?

मास्तर_ऑनलाइन:
ते मित्रांबरोबर निवांत टाइमपास, त्यात वाईट काही नाही. हँग अराउंड विथ म्हटलं की कधीकधी "त्या टवाळ पोरांच्या नादी लागलाय" असा वास येतो, अर्थात बोलणाऱ्याच्या सुरावर आहे, दरवेळी नाही.

लीड्सवाली:
आणि हे फक्त माणसांचं नाही हां, पावसाळ्यात धरलेला खोकला महिनाभर हटत नाही तोसुद्धा हँग अराउंडच करत असतो.