जळगाव-नाशिकची 18 आसनी विमानं का टिकली नाहीत?

खानदेशी: डिसेंबर 2017 मध्ये डेक्कन चार्टर्सने 'एअर डेक्कन' हे जुनंच नाव घेऊन उडान योजनेत (छोटी शहरं स्वस्त विमानसेवेने जोडण्याची केंद्राची योजना) जळगाव-नाशिकहून मुंबईला बीचक्राफ्ट 1900डी हे 18 आसनी विमान सुरू केलं. एप्रिल 2020 मध्ये सगळं बंद. कोरोना ठीक आहे, पण फेऱ्या त्याआधीपासूनच रद्द होत होत्या. अनुदान असताना असं का?

लॉगबुक: गणितच आतबट्ट्याचं. 18 पैकी 9 आसनं ठरीव भाड्यात, व्हीजीएफ, म्हणजे तोटा भरून काढणारं अनुदान, फक्त त्या 9 वर, तेही फेरी उडाली तर. रद्द फेरीला दमडी नाही. लीज, विमा, पगार मात्र चालूच. वैमानिक दोन लागतात, आणि 70 आसनी एटीआरलाही दोनच लागतात! लँडिंग-पार्किंग माफ होतं, इंधनावर व्हॅट 1 टक्का होता, पण तो उडानच्या विमानतळावर. मुंबईत टाकी भरली की तेव्हाचे 25 टक्के.

रॅम्पवाला: अनुदानापेक्षा एओजी, म्हणजे विमान जमिनीवर अडकणं, हे मोठं दुखणं. 1900डीचं उत्पादन 2002 मध्येच थांबलं. त्याचं पीटी6 इंजिन दणकट, भागही मिळतात. पण हा विमानप्रकार आपल्याकडे विरळा, त्यामुळे लँडिंग गिअरचा एखादा ॲक्च्युएटर गळायला लागला तर बदली भाग परदेशातून, कस्टम्समधून सुटून येणार. राखीव विमान नसेल तर तोवर दोन्ही शहरांच्या फेऱ्या बंद. 1900डीचं रेटिंग, म्हणजे हेच विमान चालवायची परवानगी, असलेले कमांडरही मोजकेच. एक गेला की रोस्टर कोलमडलं.

झिरोनाइन: मुंबईचा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरवून मिळणारी वेळ, राहिला. तिथल्या 09/27 आणि 14/32 या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच धावपट्टी वापरात. त्या गर्दीत 18 जणांच्या विमानाला सकाळची वेळ कोण देणार? दुपारचं विमान असेल तर जळगावचा व्यापारी रात्रीच्या गाडीनेच जातो. शिवाय मुंबईत दोन तास खोळंबा झाला की छोट्या विमानतळाचे वॉच अवर्स, म्हणजे तो चालू असण्याचे तास, संपतात आणि शेवटची फेरी बाद.

खानदेशी: मग मोठं विमान हाच उपाय?

लॉगबुक: तसंही नाही. 2019 मध्ये ट्रूजेटने जळगावला एटीआर आणलं, 2022 मध्ये तीही कंपनी थांबली.

रॅम्पवाला: नवी कंपनी आली तर भाडं नंतर बघा. आधी विचारा: राखीव विमान आहे का, लाइन मेंटेनन्स (रोजची तपासणी-दुरुस्ती) कुठे, मुंबईचा स्लॉट किती वाजताचा. आणि पहिले काही महिने परतीचं रेल्वे तिकीट काढून ठेवा, तेही कन्फर्म.