शेवटची ओळ वाचता आली तरी फील्ड टेस्ट कराच

वडील डोळ्यांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतात, मग फील्ड टेस्ट (नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी) कशाला, असं एकाने विचारलंय. तक्ता फक्त मधली नजर मोजतो. निरोगी डोळ्याला कानाच्या बाजूला साधारण ९० अंशांपर्यंत दिसतं, नाकाकडे ६०. काचबिंदूत बहुतेकदा मधली नजर शेवटपर्यंत टिकते, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. माणसाला पत्ताच लागत नाही.

याची एक साधी, बिनमशीनची तपासणी असते: डॉक्टर समोर बसून पेशंटला एक डोळा झाकायला लावतात, स्वतःचा त्यासमोरचा डोळा मिटतात आणि दोघांच्या मधोमध बोटं कडेने आत आणत ‘किती दिसतात?’ विचारतात. पक्षाघातात नजरेची अर्धी बाजू गेली असेल तर ती इथे कळते. सुरुवातीचा काचबिंदू मात्र यातून सहज निसटतो, त्याला मशीनच हवं.

मशीनवरच्या टेस्टसाठी वडिलांना आधीच सांगून ठेवा: नजर मधल्या दिव्यावरच, प्रकाशाचा ठिपका दिसला तरच बटण. बरेच ठिपके मुद्दाम इतके मंद असतात की धडधाकट डोळ्यालाही दिसत नाहीत, त्यामुळे घाबरून अंदाजाने दाबू नये. पापणी उतरलेली असेल तर टेपने वर धरायला सांगा, नाहीतर रिपोर्टात वरचा भाग उगाच काळा येतो. पहिला रिपोर्ट खराब आला तर टेस्ट पुन्हा करून घ्या, सरावाने पुष्कळदा सुधारतो.