वस्तीतील अभ्यासवर्गाला परिसरातील लोकांचा आधार कसा मिळवावा?

पार्कसाइटकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

विक्रोळी पार्कसाइट परिसरात आम्ही काही जण पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळचा विनामूल्य अभ्यासवर्ग चालवतो. जवळच्या एका गृहनिर्माण संस्थेने तळमजल्यावरील हॉल वापरायला दिला आहे. शिकवणारे बहुतेक जण नोकरी करणारे किंवा महाविद्यालयात शिकणारे आहेत, आणि मुले टेकडीच्या उतारावरील चाळींतून व झोपड्यांतून येतात. मी स्वतः गणित शिकवते.

आमची अडचण मुख्यतः पैशांची नाही. वह्या, खडू, झेरॉक्स एवढा खर्च आम्ही आपापसांत भागवतो. अडचण आहे ती आधाराची. गृहनिर्माण संस्थेतील काही सभासदांना दाराशी पडणारा चपलांचा ढीग आणि मुलांचा गलका नकोसा झाला आहे. पालकांची सभा बोलावली की मोजक्या आया येतात आणि वडील जवळजवळ कोणीच येत नाहीत. जून-जुलैमध्ये भरलेला हॉल दिवाळीनंतर निम्मा रिकामा होतो, आणि नेमके त्याच सुमारास शिकवणारे तरुणही परीक्षा किंवा नवी नोकरी यांमुळे येईनासे होतात. नववीतील काही मुलांना तर शिकवणीपेक्षा सोबत राहणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाची जास्त गरज आहे. त्यांपैकी एक जण शाळा बुडवून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसू लागला आहे, आणि पुढे काय करायचे याविषयी बोलावे असे त्याच्या घरात कोणी नाही.

हा वर्ग चार-पाच उत्साही माणसांचा न राहता परिसराचा व्हावा, यासाठी कोणाकडे जावे, काय मागावे आणि कोणत्या क्रमाने मागावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निवृत्त_शिक्षिका यांचा प्रतिसाद

ताई, मी आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत शिकवले, त्यामुळे जे पाहिले त्यावरून लिहिते. माझ्या मते सुरुवात आयांपासून व्हायला हवी. देणगीदार, पुढारी आणि गृहनिर्माण संस्था हे सगळे त्यानंतर.

आया सभेला येत नाहीत, याचा अर्थ त्यांना मुलांच्या शिक्षणाची कळकळ नाही असा मुळीच नाही. तुम्ही ज्या वेळी बोलावता त्या वेळी त्या धुण्याभांड्याच्या कामावर असतात, किंवा वस्तीत पाणी सुटलेले असते. वर्गाची वेळ आणि पाण्याची वेळ एक असेल तर सर्वांत आधी मुली गळतात, कारण हंडे भरायचे काम त्यांच्याकडे असते. तेव्हा सभा हॉलमध्ये न घेता गल्लीत जाऊन घ्यावी. दुपारी दारात बसून इमिटेशनच्या दागिन्यांचे मणी ओवण्याचे काम चाललेले असते, त्यांच्याजवळ बसावे आणि वर्गाची वेळ कोणती असावी हे त्यांनाच ठरवू द्यावे. ज्या वर्गाची वेळ आयांनी ठरवली आहे, तो भरतो की नाही यावर त्या स्वतः लक्ष ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरे असे की मुलाची प्रगती आईला दिसेल अशा रीतीने दाखवावी. माझ्याकडे सातवीत एक मुलगी होती. ६१२ भागिले ६ हे उदाहरण तिने सोडवले आणि उत्तर १२ लिहिले; भागाकारात शून्य द्यायचे तिच्या लक्षातच येत नव्हते. तिची आई निरक्षर होती. मी तिला विचारले, ‘सहा बायकांत सहाशे बारा रुपये वाटले तर एकीला बारा येतील का?’ ती क्षणात म्हणाली, ‘छे, शंभराच्या वर येतील.’ पुढे त्या मुलीच्या वहीत १०२ आले, तेव्हा दोन्ही पाने मी आईला शेजारी शेजारी ठेवून दाखवली. त्यानंतर मुलीला वर्गाला पाठवण्यासाठी तिला कधी सांगावे लागले नाही, आणि शेजारच्या दोन मुलींनाही तिनेच आणून सोडले. छापील प्रगतिपुस्तकाने हे झाले नसते.

शिकवणारे बाहेरचेच असावेत हा समजही सोडावा. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईच्या पालिका शाळांत बालसखी ही योजना राबवली होती. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या साधारण पंधरा ते वीस मुलांचा गट करून त्यांना रोज सुमारे दोन तास पायाभूत वाचन आणि गणित शिकवायचे, आणि हे काम त्याच परिसरातील, शालेय शिक्षण झालेल्या तरुणींनी थोड्या प्रशिक्षणानंतर अल्प मानधनावर करायचे, असे तिचे स्वरूप होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथे या योजनेची शास्त्रशुद्ध तपासणी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. तुमच्या टेकडीवर बारावी होऊन घरी बसलेल्या मुली नक्कीच असतील. त्यांना थोडे का होईना पण नियमित मानधन द्या. त्या दिवाळीनंतर कोठेही जाणार नाहीत, आणि वस्तीला वर्ग आपला वाटण्याचे त्याहून चांगले कारण मला दिसत नाही.

शाळेशीही संबंध जोडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. त्यांतील एक-दोघी तुमच्याच मुलांच्या आया निघतील. शिक्षकांकडे मात्र वर्ग घेण्याची मागणी करू नये, कारण कलम २८ नुसार त्यांना खासगी शिकवणी करण्यास मनाई आहे. कोणत्या मुलाचा कोणता भाग कच्चा आहे, एवढी माहिती त्यांच्याकडून मिळाली तरी तुमचे अर्धे काम सोपे होईल.

गिरणगावकर यांचा प्रतिसाद

बाईंनी वस्तीविषयी लिहिले आहे, मी जागेविषयी लिहितो, कारण मुंबईत जागा गेली की वर्ग बंद पडतो. आमच्या भागात दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे राहत आणि मुलांचा अभ्यास गॅलरीत नाही तर मंडळाच्या अभ्यासिकेत होत असे. त्या अभ्यासिका टिकल्या, कारण त्यांची किल्ली कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती.

तुमचा हॉल आज बहुधा अध्यक्ष किंवा सचिव यांच्या सद्भावनेवर मिळालेला असेल. कार्यकारिणी बदलली की ती सद्भावनाही बदलू शकते. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. त्या सभेच्या विषयपत्रिकेत अभ्यासवर्गाचा विषय घालून घ्या आणि वार, वेळ, वीजबिलाचा वाटा, साफसफाईची जबाबदारी असे सगळे नमूद करून रीतसर ठराव करून घ्या. सभेच्या आधी तक्रार करणाऱ्या सभासदांना एकेकट्याने भेटा. चपलांसाठी एक लोखंडी रॅक आणि वर्ग सुटल्यावर जिना झाडण्याची मुलांची पाळी, एवढ्याने बरीच नाराजी मावळते. त्या इमारतींत निवृत्त बँक कर्मचारी, रेल्वेतील माणसे, शिक्षिका राहत असतीलच. त्यांना ‘मदत करा’ असे मोघम सांगितले तर कोणी पुढे येत नाही. ‘दर बुधवारी सात ते आठ या वेळात चार मुलांचे इंग्रजी वाचन ऐका’ असे नेमके सांगितले तर हो म्हणणारे भेटतात. तक्रार करणाऱ्या काकांनाच हे काम विचारून पाहावे, असे मी मनापासून सुचवतो.

गणेशोत्सव मंडळांकडेही जा, पण उत्सवाच्या धामधुमीत जाऊ नका. उत्सव झाला, हिशेब लागले, की मंडळे वर्षभराच्या उपक्रमांचा विचार करतात. त्यांच्याकडे माणसे असतात, सतरंज्या आणि खुर्च्या असतात, परिसरात शब्दाला वजन असते. वडील मंडळी शाळेच्या सभेला येत नसली तरी मंडळाच्या बैठकीला येतात, हेही ध्यानात घ्या.

एक सावधगिरी सांगतो. तुमची संस्था नोंदणीकृत नसेल तर उघड वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली त्यासाठी परवानगीची तरतूद आहे आणि मंडळे ती दरवर्षी घेतात. तोपर्यंत वस्तूंच्या रूपाने मदत घ्यावी आणि कोणी काय दिले ते हॉलच्या दारावर लिहून लावावे. लोकप्रतिनिधींना जरूर बोलवा, सर्व पक्षांच्या बोलवा, मात्र वर्गात कोणाचाही फलक लावू देऊ नका. एकदा फलक लागला की दुसऱ्या गल्लीतील मुले येणे बंद होते.

समाजकार्य_देवनार यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. मी फक्त नववीतील मुलांच्या प्रश्नाकडे वळते, कारण शिकवणी आणि सोबत ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि दुसऱ्या कामासाठी माणसे फार जपून निवडावी लागतात.

शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा या वयासाठी आहे. पालिकेच्या बऱ्याच शाळा आठवीपर्यंतच असल्यामुळे नववीत शाळा बदलते, ओळखीचे शिक्षक सुटतात, खर्च वाढतो आणि कमावण्याचे आकर्षण याच वयात सुरू होते. या वळणावर मुलाला एका विश्वासू प्रौढ माणसाची सोबत मिळाली तर फार फरक पडतो. पण ही सोबत मध्येच तुटली तर नुकसान होते. अमेरिकेतील अशा मार्गदर्शक-जोड्यांवरील ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांचा २००२ चा अभ्यास सांगतो की ज्यांची सोबत वर्षभर किंवा अधिक टिकली त्यांना सर्वाधिक लाभ झाला, तर जी तीन महिन्यांतच संपली त्या मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास आधीपेक्षा खालावला. म्हणून ज्याला वर्षभर थांबणे शक्य नाही, त्याला गणित शिकवायला सांगा, एखाद्या मुलाचा दादा व्हायला सांगू नका.

महाविद्यालयीन तरुण हवे असतील तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. या योजनेतील विद्यार्थ्यांनी दोन वर्षांत २४० तास सेवा करणे अपेक्षित असते, त्यामुळे त्यांचे येणे निव्वळ उत्साहावर अवलंबून राहत नाही. त्यांच्या सत्र परीक्षांच्या काळात नोकरी करणारी किंवा निवृत्त माणसे वर्ग सांभाळतील, अशी विभागणी जूनमध्येच करून ठेवा. टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन येथील समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी वस्त्यांत जातात. ते घरभेटींसाठी फार उपयोगी पडतात.

आणि एका बाबतीत कृपया भिडेखातर सूट देऊ नका. कोणीही प्रौढ व्यक्ती मुलासोबत बंद खोलीत एकटी नसावी, भेटी हॉलमध्ये किंवा उघड्या जागी व्हाव्यात, पालकांची लेखी संमती असावी आणि येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची ओळखपत्रासह नोंद असावी. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हे सर्व स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी सांगा. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. लोक आपली मुले तुमच्या हवाली करतात, तेव्हा ही शिस्त पाहूनच त्यांचा विश्वास बसतो.

रात्रशाळेतला यांचा प्रतिसाद

मी दिवसा कॅन्टीनमध्ये काम करून रात्रशाळेतून दहावी झालो. मोबाइलच्या दुकानात बसणाऱ्या मुलाला दुकान सोडायला सांगू नका, अशी माझी विनंती आहे. घरी त्याच्या पैशांची गरज असेल तर तो तुम्हालाच टाळू लागेल. दुकानदाराला भेटा आणि त्याची सुटण्याची वेळ वर्गाच्या आधी आणता येईल का ते विचारा. माझ्या मालकांना आमच्या सरांनी असेच विचारले होते आणि त्यांनी अर्धा तास आधी सोडायचे कबूल केले. शाळा अगदीच सुटली तर सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते, हेही त्याला आजच सांगून ठेवा.

पार्कसाइटकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्गाची वेळ आम्ही आयांना कधी विचारलीच नव्हती. या आठवड्यात दोन गल्ल्यांत जाऊन बसणार आहोत. दुकानदारांनाही भेटते. एक शंका मात्र राहते. ‘फुकटचे आहे’ या कारणाने लोक वर्गाला कमी लेखतात, म्हणून दरमहा थोडे शुल्क ठेवावे असे आमच्यातील काहींचे मत आहे. ते योग्य ठरेल का?

समाजकार्य_देवनार यांचा प्रतिसाद

माझा त्याला विरोध आहे. शुल्क कितीही थोडे असले तरी थकले की मूल लाजेने येणे बंद करते, आणि ज्याला सर्वाधिक गरज आहे तेच पहिले गळते.

निवृत्त_शिक्षिका यांचा प्रतिसाद

मी याच्याशी सहमत आहे, पण घरातून काहीच येऊ नये असे मात्र नव्हे. पैशांऐवजी पाळी ठेवा. महिन्यातून एकदा प्रत्येक घरातील एका मोठ्या माणसाने तासभर हॉलमध्ये बसावे, हजेरी घ्यावी, लहान मुलांना घरापर्यंत सोडावे. वडिलांना रविवारची पाळी द्या. वर्गाची किंमत लोकांना कळावी असे वाटत असेल तर आठवीच्या मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. शासकीय, पालिका आणि अनुदानित शाळांतील ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आहे, त्यांना ती देता येते, आणि निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो, तेव्हा गल्लीत जाल तेव्हा आयांना त्याची कागदपत्रे कोणती लागतील ते लिहूनच द्या.