फ्रीकॅडचं नेमकं कुठलं व्हर्जन बसलंय, टर्मिनलमधून कसं बघायचं?

उद्यमनगरकर
आमचं ओतकामाच्या लाकडी पॅटर्नचं (साचा घ्यायचा नमुना) छोटं वर्कशॉप आहे. दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर उबुंटू २२.०४ (लिनक्स). काल ऑफिसात फ्रीकॅडमध्ये (थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) पंपाच्या केसिंगचं मॉडेल बदलून सेव्ह केलं, शॉपमध्ये उघडलं तर सगळीकडे एररच्या लाल खुणा. सागवान कापायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो, लाकडाचा भाव माहितेय सगळ्यांना. बसवून देणारं पोरगं पुण्याला गेलं, लिहून काहीच ठेवलेलं नाही. काय बसलंय, कुठनं आलंय, कधी बसलंय, हे बघायचंय.

राजारामपुरी ७वी गल्ली
कमांड उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप इंग्रजीत करा. 'डीपीकेजी डॅश एस फ्रीकॅड', एस लहान. डीपीकेजी म्हणजे बसलेल्या पॅकेजची नोंद ठेवणारं उबुंटूचं टूल. व्हर्जन आणि साइज कळेल. 'डॅश एस' ऐवजी 'डॅश एल' दिलं तर यादी येते. तिथं ओळीच्या सुरुवातीला 'आयआय' म्हणजे बसलेलं, 'आरसी' म्हणजे काढलंय पण सेटिंगच्या फायली उरल्यात. तारीख डीपीकेजी दाखवत नाही, ती 'व्हार, लॉग, एपीटी' या फोल्डरमधल्या हिस्टरी लॉगमध्ये बघा. कुणी कुठली कमांड दिली तेही तिथं असतं.

उद्यमनगरकर
दोन्हीकडं ०.१९ येतंय! पण ऑफिसच्या मशीनवर हेल्पमधल्या अबाउटमध्ये १.० दिसतंय. डोकं चालंना.

रंकाळ्याकाठी
दादा, ऑफिसात दोन फ्रीकॅड आहेत. डीपीकेजीला फक्त डेब पॅकेज (उबुंटूची नेहमीची) कळतात, स्नॅप ही सॉफ्टवेअर बसवायची दुसरी पद्धत, तिचा हिशेब वेगळा असतो. 'स्नॅप लिस्ट डॅश डॅश ऑल' द्या. मग 'टाइप डॅश ए फ्रीकॅड', म्हणजे दोन्ही कुठं बसलेत ते दिसेल. आणि 'स्नॅप इन्फो फ्रीकॅड' मध्ये रिफ्रेशची, म्हणजे अपडेटची तारीख बघा.

उद्यमनगरकर
सापडलं. स्नॅपमध्ये १.०, खाली जुनं ०.२१ 'डिसेबल्ड' म्हणून पडलंय. रिफ्रेश गुरुवारी झालाय, त्या दिवशी मशीनला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

रंकाळ्याकाठी
स्नॅप दिवसातनं चार वेळा स्वतःच अपडेट तपासतं आणि बसवतं. म्हणूनच ऑफिसात १.० मध्ये सेव्ह झालेलं मॉडेल शॉपमधल्या ०.१९ मध्ये बिघडलेलं दिसलं. दोन्ही मशीनवर एकच व्हर्जन ठेवा आणि 'सुडो स्नॅप रिफ्रेश डॅश डॅश होल्ड फ्रीकॅड' देऊन थांबवा. होल्ड काढायचा तुम्हाला वाटेल तेव्हा, हातात ऑर्डर नसताना.

उद्यमनगरकर
शॉपच्या मशीनवरचं ०.१९ काढून स्नॅपचं १.० बसवलं, दोन्हीकडं होल्ड लावला. केसिंग उघडलं, एकही लाल खूण नाही, फ्लँजची मापं कॅलिपरनं जुन्या पॅटर्नशी ताडली, जुळली. दोन्ही मशीनची स्नॅप आणि डीपीकेजीची यादी फाईलमध्ये काढून भिंतीवर चिकटवलीय. सकाळी लाकूड कापायला घेतोय. लई आभार दोघांचे.