ग्राफिक्समुळे माणूस गेममध्ये गुंततो? मला नाही पटत

कंदील
काल 'उजेड' यांनी लिहिलं, की फर्स्ट पर्सन शूटरमध्ये (म्हणजे सगळं हिरोच्या डोळ्यांतून दिसतं त्या बंदूकबाजीच्या गेममध्ये) माणूस रमतो तो ग्राफिक्समुळे, आणि १९९८ चा 'हाफ-लाइफ' आजची पोरं पाच मिनिटांत बंद करतील. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

दिवाळीत भाचा आला होता, वय १६. त्याला तोच गेम लावून दिला. सुरुवातीला ट्रामचा लांबलचक प्रवास. शत्रू नाही, हातात बंदूक नाही. पण मान वळवता येते, डब्यात फिरता येतं. पोरगा या काचेकडून त्या काचेकडे करत राहिला. ब्लॅक मेसा या प्रयोगशाळेत उतरल्यावर मायक्रोवेव्हचं बटण दाबत बसला, आतलं जेवण फुटेपर्यंत, आणि शेजारच्या शास्त्रज्ञाची बोलणी खाल्ली. मग ती प्रयोगाची खोली. नमुन्याची गाडी किरणात ढकलायची असते. ढकलतो कोण? आपणच, पुढे जायचं 'डब्ल्यू' बटण दाबून. सगळं कोसळलं, हिरव्या विजा कडाडल्या, आणि पोरगं माझ्याकडे वळून म्हणालं, "मामा, हे माझ्यामुळे झालं?"

त्यातली माणसं आज ठोकळ्यांसारखी दिसतात. तरी त्याला अपराधी वाटलं, कारण गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने कॅमेरा हिरोच्या, गॉर्डन फ्रीमनच्या, डोळ्यांतून बाहेर काढलाच नाही. गॉर्डन एक शब्द बोलत नाही, म्हणून जे काही मनात येतं ते आपलंच असतं. हल्लीचे गेम दर दहा मिनिटांनी कट-सीन लावून कंट्रोल काढून घेतात, आपल्याच हिरोचा चेहरा दाखवतात आणि म्हणतात, आता बघ. अरे, मी बघायला नाही बसलोय!

उजेड
माझं वाक्य अर्धं उचललंत. मी ग्राफिक्स म्हणालो, त्यात प्रकाश येतो, धूर येतो, काच येते. 'मेट्रो २०३३' खेळलात का? २०१० चा, युक्रेनच्या स्टुडिओचा. मॉस्कोच्या मेट्रोच्या भुयारातून वर आलं की तोंडावर गॅस मास्क. मार बसला की काचेला तडे जातात, त्या तड्यांतूनच बघायचं. फिल्टर संपत आला की धाप लागलेली ऐकू येते. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा खरोखर श्वास रोखून बसलो होतो. ही काच १९९८ च्या तंत्रात दाखवून दाखवा.

कंदील
खेळलोय. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. फिल्टर किती उरलाय ते कोपऱ्यातल्या आकड्यात नाही, मनगटावरच्या घड्याळात बघावं लागतं. टॉर्च मंद झाला तर चार्जर हाताने दाबत बसायचं. गुंतवतं ते हे. काच सुंदर आहे, मान्य. त्यापुढे नाही.

डस्टवाला
दोघंही गोष्टीवाल्या गेमांत अडकलात. काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये, दोन संघ एकमेकांवर गोळ्या झाडतात त्या गेममध्ये, कुठली गोष्ट? कुठला गॉर्डन? सांगलीत कॅफेत तासाला २० रुपये देऊन खेळायचो, रिझोल्यूशन मुद्दाम ६४० बाय ४८० वर, कारण चित्र नको होतं, १०० एफपीएस, म्हणजे सेकंदाला १०० फ्रेम, हवे होते. माउस हलवला की त्याच क्षणी नजर हलली पाहिजे. तिथे जरा उशीर झाला की आपण खुर्चीत आहोत हे आठवतं.

आणि आवाज! पळालो तर पावलं ऐकू जातात, शिफ्ट धरून चाललो तर नाही. डस्ट-२ या नकाशातल्या बोगद्यात शेवटचा मी एकटा, बाहेर बॉम्बची टिकटिक वाढत चाललेली, आणि मेलेली चार पोरं मागे उभी राहून माझ्या स्क्रीनकडे बघतायत. मेलं की राउंड संपेपर्यंत बसून राहायचं, म्हणून जीव प्यारा. गुंतणं ते हेच.

बाबा_नागपूर
गुंतणं वेगळं आणि अडकवणं वेगळं. माझा मुलगा मोबाइलवर रोजचं बक्षीस चुकू नये म्हणून जेवणाच्या ताटावरून उठतो. यावर कुणी बोलत नाही.

डस्टवाला
काका, त्रास खरा आहे, पण तो दुकानदारीचा. १.६ मध्ये असलं काही नव्हतं.

पायवाट
मला वेगळंच बोलायचंय. तुम्ही ज्याचं एवढं कौतुक करताय ते मला भोगावं लागतं. मला गेम 'लागतो'. घाटात एसटी लागते तसा. 'हाफ-लाइफ २' मी तीनदा सुरू केला. स्टेशनवर तो पोलीस डबा खाली पाडून उचलायला लावतो तिथपर्यंत मस्त. मी डबा त्याच्याच अंगावर फेकला आणि दंडुका खाल्ला. पण कालव्यातली एअरबोट, ती पंख्यावर पळणारी बोट, आली की दहाव्या मिनिटाला कपाळावर घाम, तोंडाला पाणी. शेवटच्या वेळी बेसिनपर्यंत कशीबशी पोहोचले.

डस्टवाला
सवय होते. रोज थोडं थोडं खेळा.

पायवाट
सवय होते म्हणे! तीस वर्षं आंबेनळी घाटातून माहेरी जातेय, अजून आवळासुपारी लागते. ज्याला लागत नाही त्याने हे सांगू नये. दुकानात सांगितलं तर महागडं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारलं, त्यानेही फरक पडला नाही.

रात्रपाळी
ताई, दोष तुमचा नाही. एसटीत कानातला तोल म्हणतो 'हलतोय' आणि पुस्तकातले डोळे म्हणतात 'स्थिर'. गेममध्ये उलटं: डोळे म्हणतात 'पळतोय', कान म्हणतो 'खुर्चीत आहेस'. शिवाय 'हाफ-लाइफ २' मध्ये नजरेचा कोन, एफओव्ही, मुळात ७५ अंश ठेवलाय. पहिल्या भागात ९० होता. स्क्रीनजवळ बसून ७५ म्हणजे नळीतून बघितल्यासारखं. सेटिंगमध्ये ९० पर्यंत नेता येतो. दिवा चालू ठेवा, स्क्रीन थोडी लांब सरकवा. माझी बायको असंच खेळते.

उजेड
धागा कशाचा आणि चाललंय काय? उलटीवर वीस प्रतिसाद होतील आता.

पायवाट
होऊ देत. ज्यांना खेळता येत नाही त्यांच्याबद्दल कधी एक तरी धागा निघाला का?

कंदील
उजेड, मलाही आधी विषयांतर वाटलं. पण ताईंच्या बोलण्याने माझीच पंचाईत झालीय. कॅमेरा डोळ्यांतून काढायचाच नाही, हे मी वर छातीठोकपणे लिहिलं. त्यांच्यासाठी तोच कॅमेरा बाहेर आला असता तर डोक्याला विसावा मिळाला असता. मी ज्या कट-सीनला शिव्या घातल्या तो कुणाला तरी हवा असेल, एवढं मानतो. एवढंच.

उजेड
मग मीही मानतो, की १९९८ चा गेम पाच मिनिटांत कुणी बंद करणार नाही. दहा मिनिटं देतो. मेट्रोच्या काचेवरून मात्र हलणार नाही.

पायवाट
रात्रपाळी, ९० वर नेलं. ट्यूबलाइट लावली, खिडकी उघडली, खुर्ची हातभर मागे. काल रात्री एअरबोटवरून पहिल्यांदाच त्या हेलिकॉप्टरपर्यंत गेले. धरणाजवळ त्याने सुरुंगांचा पाऊस पाडला तेव्हा मीच खुर्चीत डावीकडे कलत होते, आणि मळमळ आठवली ती ते पाण्यात कोसळल्यावर. मग आवळासुपारी खाऊन झोपले. आज पुढचं.