डील की नो डील: बँकरची ऑफर कधी घ्यावी?

तापीकाठ, जळगाव
‘डील ऑर नो डील’च्या अमेरिकन टीव्ही खेळात 26 बंद पेट्या, त्यांत 1 सेंटपासून 10 लाख डॉलरपर्यंत रकमा. एक पेटी आपली, बंदच. बाकीच्या 6, 5, 4, 3, 2 आणि मग एकेक उघडायच्या. दर फेरीनंतर बँकर आपल्या पेटीच्या बदल्यात रक्कम देऊ करतो; घेतली की खेळ संपला. माझं ठाम मत: पेट्या थोड्या आणि मोठा आकडा एकच उरला की सौदा करून मोकळं व्हावं. समजा 100, 400, 1000, 50,000 आणि 3 लाख उरलेत. सरासरी 70,300, ऑफर 52,000. पुढच्या पेटीतून 3 लाख निघाले की सरासरी 12,875 वर आपटते.

धुळेकर आप्पा
सरासरीच्या 74 टक्क्यांवर सौदा? पटत नाही. बँकर सुरुवातीला मुद्दाम सरासरीच्या खूप खाली बोलतो, पुढे साधारणपणे टक्का चढवत नेतो. तुमच्याच मांडणीत 5 पैकी 4 वेळा 3 लाख टिकतात. 100 ची पेटी गेली तर सरासरी 87,850, अगदी 50,000 ची गेली तरी 75,375. ऑफर नाकारून थांबणाऱ्याला सरासरी आणि टक्का, दोन्हीकडून वाढ.

केळीपट्टा, रावेर
सरासरी खिसामा येत नही, आप्पा. खेळ एकदाच असतो. 26 पेट्यांची सरासरी 1,31,477 डॉलर, पण 13 पेट्यांत 750 किंवा त्याहून कमी! एकूण रकमेतला 92 टक्के पैसा वरच्या 6 पेट्यांत आहे. ज्याच्या घरी शिल्लक नाही त्याच्यासाठी हातातले 52,000 भारी.

धुळेकर आप्पा
मग मोठ्या दोन असतील तर? एक गेली तरी दुसरी सावरते. तेव्हा तरी थांबाल ना?

केळीपट्टा, रावेर
तेव्हा एक फेरी थांबेन. इथे 3 लाखांच्या जोडीला 50,000 आहेत, त्याला दुसरी मोठी म्हणत नाहीत.

कपाशी, चोपडा
घरात कापूस भरून भावाची वाट पाहण्यासारखंच आहे हे.

तापीकाठ, जळगाव
नाही. कापसात सरकीचे, गाठींचे भाव कळतात, अंदाज बांधता येतो. पेटी काहीच सांगत नाही. शेवटच्या दोन पेट्यांत अदलाबदल करूनही फायदा नाही. तीन दारांच्या कोड्यात एकाच दारामागे बक्षीस असतं; आपण एक दार निवडलं की सूत्रधार उरलेल्यातलं रिकामं दार उघडतो. त्याला बक्षीस कुठे ते ठाऊक असतं, म्हणून दार बदलणं फायद्याचं. इथे खेळाडू आंधळेपणाने उघडतो, शक्यता निम्मी-निम्मीच राहते.

वाचक, अमळनेर
खरी गडबड डोक्यात होते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि सहकाऱ्यांनी या खेळाचे नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिकेतले स्पर्धक तपासले (2008). मोठी रक्कम हुकलेले लोक पुढे जास्त धोका पत्करतात, चांगली ऑफरही नाकारतात. घसघशीत पुढे गेलेलेही तसेच. म्हणून आकडा फेरीआधी ठरवा, प्रेक्षक ओरडायला लागल्यावर नव्हे.

धुळेकर आप्पा
ठरवायला हरकत नाही. पण माझा आकडा सरासरीच्या 90 टक्क्यांचा, 74 चा नाही.