सर्व्हर बदलल्यापासून पोस्टग्रेस डेटाबेसला काही नोंदी सापडत नाहीत, लोकॅलचा (भाषा आणि अक्षरक्रमाच्या सेटिंगचा) घोळ असेल का?

निळीशाई: डेबियन ९ लिनक्सवरची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून डेबियन १२ वर ठेवली. पोस्टग्रेस तेच, १३. लोकॅलही तेच, एन_यूएस यूटीएफ-८. आता टेबल पूर्ण वाचलं की नोंद दिसते, पण त्याच कोडने शोधलं तर शून्य ओळी. त्यात युनिक कॉलममध्ये, जिथे पुनरावृत्ती चालत नाही, एक कोड चक्क दोनदा! काय करू?

तळटीप: लोकॅलचं नाव तेच राहिलं, पण त्यामागचे नियम बदलले. अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस ग्लिबसीला (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीला) विचारतं आणि २०१८ च्या २.२८ आवृत्तीत तो क्रम बराच बदलला. दोन्ही मशीनवर '1-1' आणि '11' सॉर्ट करून बघा. जुन्यावर '11' आधी येईल, नव्यावर '1-1'. तुमच्या कोडमध्ये डॅश असणार, पैज लावतो. इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची झाडासारखी क्रमवार सूची, जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने, म्हणून तो भलत्याच फांदीवर जातो.

मजकुराचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा, म्हणजे नव्याने बांधा. त्याआधी डुप्लिकेट काढा, नाहीतर युनिक इंडेक्स बनणारच नाही. आणि डुप्लिकेट शोधताना इंडेक्स स्कॅन, इंडेक्स-ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन हे इंडेक्समधून वाचायचे तिन्ही मार्ग बंद ठेवा. बिघडलेल्या इंडेक्सलाच साक्षीला बोलावण्यात काय अर्थ?

उलटाबाण: सहमत. फाइली उचलण्याऐवजी डंप काढून (डेटा निर्यात करून) रिस्टोअर केलं असतं तर इंडेक्स नव्याने बनले असते. स्टँडबाय (डेटाची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) असेल तर तिथेही ग्लिबसी जुळतेय ना बघा.

पुढचं म्हणाल तर कोड, ईमेल, टोकन यांना 'सी' कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) द्या. नुसती बाइट्सची तुलना, ग्लिबसी कितीही बदलो. शिवाय सुरुवातीच्या अक्षरांवरचा लाइक (नमुन्याने शोध) साधा इंडेक्स वापरतो, त्यासाठी टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्सवाल्या वेगळ्या इंडेक्सची गरज नाही.

निळीशाई: मग सगळीकडेच 'सी' लावू?

तळटीप: नको हो. यादीत मराठी नावं असतील तर 'सी'मध्ये ळ लगेच ल नंतर येतो, कारण युनिकोडमध्ये त्याची जागा तिथे आहे. आपल्याला तो ह नंतर हवा. लोकांना दाखवायच्या कॉलमला आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन द्या. फक्त आयसीयूची आवृत्ती बदलली की रीइंडेक्स तिथेही आलंच.

उलटाबाण: एक राहिलं. ऱ हे एकच अक्षर म्हणूनही साठवता येतं आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असंही. दिसायला सारखं, तुलनेत वेगळं. नॉनडिटरमिनिस्टिक कोलेशनने, जे वेगळे बाइट्सही समान मानू शकतं, ते जुळतं, पण १३ मध्ये त्यावर लाइक चालत नाही. मी तरी साठवतानाच एनएफसी, म्हणजे युनिकोडचं ठरलेलं एकच रूप, करून घेतो.